स्वयंपाकघरातली चप्पल : एका जुनाट टाचदुखीचा प्रकरण अभ्यास

मावशी माझ्याकडे पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांच्या पिशवीत टाचेचा एक्स-रे, गोळ्यांची रिकामी पाकिटं, अर्धी संपलेली तेलाची बाटली, तळावर गोट्या असलेली ॲक्युप्रेशरची चप्पल आणि औषधाच्या दुकानातून घेतलेली मऊ रबराची एमसीआर चप्पल असा ऐवज होता. चौदा महिन्यांची टाचदुखी त्यांनी पिशवीत भरून आणली होती.

वय ४९. जावेबरोबर कोल्हापुरातल्या एका पेठेत चपाती-भाजी केंद्र चालवतात. त्यांना सगळे मावशीच म्हणतात, मीही इथे तेच म्हणते. हे त्यांच्या परवानगीने लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी फिजिओथेरपिस्ट आहे. टाचदुखीचे रुग्ण माझ्याकडे दर आठवड्याला येतात, पण या प्रकरणात मी सुरुवातीला एक साधी गोष्ट विचारायची राहिले. तिच्यामुळे तीन आठवडे वाया गेले, म्हणून हे सविस्तर मांडावंसं वाटलं.

त्यांचा दिवस पहाटे साडेपाचला कणीक मळण्यापासून सुरू होतो. साडेअकरापर्यंत डबे जातात, दुपारी थोडी उसंत मिळते, संध्याकाळी पुन्हा ओटा. रोज तीनशे-साडेतीनशे चपात्या, वर भाकऱ्या. जाऊ लाटते, मावशी भाजतात, आणि हे सगळं उभ्याने.

"सकाळी पाय टेकला की टाचंत सुई घुसल्यागत हुतंय," त्या म्हणाल्या. "धा-वीस पावलं चाललो की जरा सैल पडतंय. परत डबे भरायला बसलो आणि उठलो की तेच."

एवढ्या वर्णनावरूनच निदान बरंचसं होतं. टाचेच्या हाडाच्या खालच्या, आतल्या बाजूपासून निघून बोटांच्या मुळांपर्यंत जाणारा एक जाड, चिवट पट्टा असतो, प्लांटर फॅशिया. पायाची कमान तो खालून ताणून धरतो. चालताना टाच उचलली की बोटं वर वळतात आणि हा पट्टा बोटांच्या मुळांभोवती रहाटावर दोर गुंडाळावा तसा ओढला जातो. कमान उंचावते, पाऊल कडक होतं आणि आपण पुढे ढकललो जातो. हिक्स या शास्त्रज्ञाने १९५४ मध्ये ही रचना समजावून सांगितली आणि तिला रहाटाचंच नाव दिलं. रात्री झोपेत पंजा खाली झुकलेला असतो, त्यामुळे पट्टा आखूड अवस्थेत राहतो. सकाळचं पहिलं पाऊल त्याला एकदम ताणतं, म्हणून ती सुई.

या दुखण्याला प्लांटर फॅशियायटिस म्हणतात. नावाचा अर्थ पट्ट्याचा दाह. पण २००३ मध्ये लेमॉन्ट आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेत काढलेले ५० जणांचे नमुने तपासले, तेव्हा त्यांना जुन्या दुखण्यात दाहापेक्षा झीज दिसली. तंतू विस्कटलेले, ताकद गेलेली. दाह असेल तर लेप आणि गोळी पुरेल. झीज असेल तर रोज पडणारा भार कमी करावा लागतो आणि पट्ट्याला हळूहळू पुन्हा बळकट करावं लागतं. मावशींचे चौदा महिने पहिल्या वाटेवर गेले होते.

आधी काय काय झालं होतं

सुरुवातीला मिठाच्या गरम पाण्यात पाय. मग तिळाच्या तेलाने मालिश, काशाच्या वाटीने तळवे घासणं, आंबेहळद आणि रक्तचंदनाचा लेप, निर्गुडीच्या पाल्याचा शेक. यातलं काहीच मी वाईट म्हणणार नाही. प्रत्येकाने त्यांना तासभर, कधी रात्रभर आराम दिला, आणि दिवसभर उभं राहिलेल्या बाईला रात्रीची शांत झोप ही मोठी गोष्ट आहे. काशाची वाटी तर आम्ही शेवटपर्यंत चालू ठेवली. एकच सांगितलं की तेल पुसल्याशिवाय फरशीवर उतरायचं नाही.

पुढचे दोन उपाय मात्र धोक्याचे होते. शेजारणीने सांगितलं म्हणून त्यांनी वीट तापवली, तिच्यावर रुईची पानं पसरली आणि वर टाच दाबून धरली. हा उपाय आपल्याकडे घरोघर माहीत आहे. तिसऱ्या दिवशी टाचेला टरटरून फोड आला, आणि तो फुटून भरेपर्यंत त्या तीन आठवडे चवड्यावर चालल्या. रुईचा चीक कातडीला झोंबतो आणि डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा करतो. विटेची उष्णता मोजता येत नाही. ज्यांना मधुमेह आहे, तळव्यांना बधिरपणा आहे, त्यांना चटका बसल्याचं कळतही नाही, आणि अशा एका फोडापासून पायाची जखम महिनोन्‌महिने चिघळलेली मी पाहिली आहे. अशा पायांनी वीट, गरम पाण्याची पिशवी, तव्यावर तापवलेलं फडकं यातलं काहीही वापरू नये.

दुसरा उपाय बिब्ब्याचा. गावाकडच्या एका नातेवाइकाने टाचेला बिब्ब्याचा चटका दिला होता. काळा डाग अजून होता. बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजते, आणि एखाद्याला बिब्बा उतला तर अंगभर पुरळ उठतं. टाचेच्या आत खोल असलेल्या पट्ट्याला त्याने काय होणार? चटक्याच्या कळेपुढे मूळ कळ दोन दिवस झाकली जाते, इतकंच.

आयुर्वेदात टाचेच्या अशा दुखण्याला वातकंटक म्हणतात. वाग्भटाने त्याचं कारण सांगितलं आहे ते पाऊल वेडंवाकडं पडणं किंवा श्रम. म्हणजे जुन्या वैद्यांनीही बोट भारावरच ठेवलं होतं. घरोघरी पोचले ते फक्त लेप आणि शेक.

नवव्या महिन्यात टाचेत स्टेरॉइडचं इंजेक्शनही झालं. दीडेक महिना बरं वाटलं, मग पुन्हा तेच. इंजेक्शनाचा फायदा बहुतेक असाच थोड्या काळाचा असतो. वारंवार घेतल्यास पट्टा तुटण्याचा आणि टाचेखालची चरबीची गादी पातळ होण्याचा धोका वाढतो. दुसरं घ्यायला त्या घाबरत होत्या, आणि ती भीती रास्त होती.

तपासणी

उजव्या टाचेच्या तळाला, आतल्या बाजूला अंगठ्याने दाबलं की त्या पाय ओढून घेत. सकाळच्या पहिल्या पावलाची कळ दहापैकी आठ. सलग उभं राहणं जेमतेम पंचवीस मिनिटं, मग डब्याच्या पिंपावर टेकायचं. उंची १५२ सेंटिमीटर, वजन ७१ किलो.

घोट्याची लवचीकता बघायला मी भिंतीची चाचणी करते. टाच जमिनीवरून न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा आणि अंगठा भिंतीपासून किती लांब ठेवता येतो ते मोजायचं. डावीकडे सात सेंटिमीटर, उजवीकडे साडेतीन. एका पायावर उभं राहून टाच उचलणं डावीकडे अकरा वेळा जमलं, उजवीकडे चार. पोटरी आखूडही होती आणि अशक्तही.

२००३ मध्येच रिडल आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात या दुखण्याचे तीन मोठे धोके पुढे आले होते: घोटा पुरेसा न वाकणं, जास्त वजन, आणि कामाचा बहुतेक वेळ पायांवर जाणं. यात घोट्याचा ताठरपणा सगळ्यात जोरकस ठरला. मावशींकडे तिन्ही होते.

दुसरं काही नाही ना, हेही बघणं भाग होतं. टाच दोन्ही बाजूंनी माझ्या तळहातांत धरून दाबली, दुखलं नाही, म्हणजे हाडाला चीर गेल्याची शंका कमी झाली. मुंग्या, बधिरपणा नव्हता. दहा ग्रॅमच्या मोनोफिलामेंटचा, म्हणजे संवेदना तपासायच्या नायलॉनच्या तंतूचा, स्पर्श तळव्यावर सगळीकडे कळत होता. सकाळी कंबर आखडत नव्हती. तरुण माणसाच्या दोन्ही टाचा दुखत असतील आणि सकाळी कंबरही तासभर आखडत असेल तर ते संधिवाताच्या एका प्रकाराचं लक्षण असू शकतं आणि वाट वेगळी असते. झोपेतून जागं करणारी कळ, टाचेला सूज-लाली, ताप, किंवा धावता-उडी मारता काही तुटल्यासारखा आवाज होऊन आलेलं दुखणं, यातलं काही असेल तर घरगुती उपायांत एक दिवसही घालवू नये.

फोडाला भरायला लागलेला वेळ ऐकून मी त्यांना त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे साखर तपासायला पाठवलं. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचं माप, ६.१ टक्के आलं. मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर. हे आधी कुणाला माहीत नव्हतं.

आता एक्स-रे. त्यात टाचेच्या हाडाला पुढे आलेलं टोक दिसत होतं. "हाड वाढलंय म्हनत्यात. घासून काढाय लागंल का ओ?" चौदा महिने या एका वाक्याने त्यांची झोप उडवली होती. मी त्यांना सांगितलं की असं टोक टाच कधीच न दुखलेल्या अनेक लोकांतही सापडतं. टाच बरी होते तेव्हाही ते तिथेच असतं. त्याचा काटा रुतून कळ येते हे चित्र चुकीचं आहे. दहातल्या आठ-नऊ जणांना शस्त्रक्रियेशिवाय बरं वाटतं, वेळ मात्र महिन्यांचा लागतो. हे ऐकल्यावर त्या थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मग मी उगाच हळू चालत होतो."

वाया गेलेले तीन आठवडे

पहिल्या दिवशी मी व्यायाम शिकवले, तळव्याला टेप लावली आणि विचारलं, "चप्पल घालता ना रोज?"

"घालतो की."

मी पुढे गेले. तीन आठवड्यांनी कळ आठवरून सातवर आली होती. व्यायाम त्या नेमाने करत होत्या. मला कळेना.

एका संध्याकाळी घरी जाताना भाकरी घ्यायला मी त्यांच्या केंद्रावर गेले. दाराबाहेर चपलांची ओळ होती. आत कडप्प्याचा ओटा, खाली ओली शहाबादी फरशी, आणि त्यावर मावशी अनवाणी. तव्याकडे वळताना सगळा भार उजव्या पायावर, डावा पाय मध्येच उचलून उजव्या पोटरीवर टेकवलेला. भिंतीवर अंबाबाईचा फोटो, त्याखाली ताजी फुलं. चप्पल आत येणार कुठून?

माझा प्रश्न चुकला होता. "दिवसातले किती तास पायात काही नसतं?" असं विचारायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही बसून हिशेब केला. केंद्रावर नऊ तास, घरी दोन-तीन. चप्पल पायात असायची ती घर ते केंद्र आणि बाजार, सगळं मिळून तासभर. ज्या चपलांवर त्या चौदा महिने पैसे घालत होत्या, त्या चपला टाचेवर भार पडायच्या वेळी दाराबाहेर असायच्या.

टाचदुखीच्या कुठल्याही माहितीपत्रकात "घरातही अनवाणी चालू नका" हे एक वाक्य असतं. आपल्या घरांत ते एका वाक्यात संपत नाही. स्वयंपाकघर म्हणजे अन्नाची जागा, शेजारीच देव्हारा. बाहेरची चप्पल तिथे नेणं ज्यांना जन्मात जमलेलं नाही, त्यांच्यापुढे नुसतं ते वाक्य टाकणं म्हणजे सल्ला न देण्यासारखंच आहे. मी या चालीरीतीला चूक मानत नाही. बाहेरची घाण चुलीपाशी येऊ नये यात शहाणपणच आहे. पण रोज नऊ तास दगडावर उभ्या असणाऱ्या बाईसाठी त्यातून वाट काढावीच लागते.

जाऊबाईंनी स्पष्ट सांगितलं, "जिथं अन्न शिजतंय तिथं चप्पल? गिऱ्हाईक बघंल तर काय म्हनंल?" मी वाद घातला नाही. आधी ओट्यासमोर जाड रबरी मॅट टाकायचं ठरलं. आठवड्यात फरक दिसला, संध्याकाळचा ठणका कमी झाला. पण मॅटच्या कडेला पाय अडकायचा, तेल सांडलं की ती निसरडी व्हायची, आणि मावशी काही एका जागी उभ्या नसतात; मोरीकडे, पिंपाकडे, दाराकडे फेऱ्या चालूच.

तोड मावशींनीच काढली. "पाटावर हुबं ऱ्हायल्यालं चालतंय न्हवं? मग पायालाच पाट बांधू." नवी कोरी जोडी आणायची, तिने रस्ता कधी बघायचाच नाही, रोज रात्री साबणाने धुवायची, उंबऱ्याच्या आत वेगळ्या फळीवर ठेवायची. जाऊबाईंनी एक अट घातली: दिवा लावताना आणि फोटोपाशी जाताना ती काढायची. अट लगेच मान्य झाली. उपचारांचा तेव्हा सहावा आठवडा होता. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात मोठा उपचार हाच, आणि तो त्यांनी स्वतः शोधला.

कुठली चप्पल, आणि का

स्वयंपाकघरासाठी आम्ही फोमची, पुढून बंद, एकसंध साच्याची जोडी निवडली. गरम तेल-पाण्यापासून बोटं वाचतात, आणि शिवण नसल्याने धुवायला सोपी. मागे पट्टा हवाच. नुसत्या सरकवायच्या चपलेत ती निसटू नये म्हणून बोटं सतत आवळावी लागतात आणि तळव्याचे स्नायू दिवसभर ताणलेले राहतात. तळ टाचेकडे चवड्यापेक्षा सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर उंच. एवढ्या उंचीने पोटरीची ओढ कमी होते, त्याहून जास्त उंची मात्र भार चवड्यावर ढकलते. शेवटची परीक्षा ओल्या फरशीवर, ओट्याला धरून पाय सरकतो का ते बघून. पहिली जोडी या परीक्षेत नापास झाली, दुकानदाराने बदलून दिली.

पिशवीतल्या आणि घरातल्या चपला मग एकेक करून बघितल्या. ॲक्युप्रेशरच्या चपलेने त्यांना रोज रडवलं होतं. दुखतंय म्हणजे गुण येतोय, असं समजून त्यांनी ती दोन महिने घातली. आधीच झिजलेल्या पट्ट्याच्या मुळावर कडक गोट्यांचा दाब, यात गुण कसला? ती पहिल्याच दिवशी बंद केली.

एमसीआर चपलेबद्दल लोकांचा समज असा की डॉक्टरी चप्पल म्हणजे सगळ्या पायांना चांगली. एमसीआर म्हणजे मायक्रोसेल्युलर रबर. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड आणि सहकाऱ्यांनी कुष्ठरोगाने संवेदना गेलेल्या पायांसाठी ज्या पादत्राणांवर काम केलं, त्यातून हे रबर पुढे आलं. पायाला जखम होऊ नये म्हणून दाब पसरवणं हे त्याचं काम, आणि मधुमेहाच्या बधिर पायांसाठी ते आजही मोलाचं आहे. टाचदुखीलाही मऊपणाचा थोडा फायदा होतो. पण मावशींची जोडी सपाट होती, मागे पट्टा नव्हता, आणि वर्षभरात टाचेपाशी बसून गेली होती. अंगठ्याने दाबलं की रबर परत वर येतच नव्हतं. अशी बसलेली चप्पल आणि फरशी यांत फार फरक राहत नाही.

आणि कोल्हापुरी. आमच्या गावात हा विषय हळवा आहे. मावशींचे यजमान म्हणत होते, कातड्याची घाल, पायातली उष्णता ओढून घेते. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटकातले मिळून आठ जिल्हे त्यात आहेत. ते कसब मला मनापासून प्रिय आहे. चांगली कमावलेल्या चामड्याची कोल्हापुरी पायाच्या आकाराला बसते, घाम धरून ठेवत नाही, आणि निरोगी पायाने ती खुशाल वापरावी. पण तिचा तळ कडक आणि बहुधा सपाट असतो, मागे पट्टा नसतो. दुखऱ्या टाचेला, भर दुखण्याच्या काळात, ती चालत नाही. मावशींना लग्नकार्यात ती सोडवत नव्हती. म्हणून आम्ही चप्पल लाइनीतल्या एका कारागिराकडून टाचेखाली चामड्याचे दोन थर जास्त बसवून घेतले आणि आत पातळ मऊ गादी चिकटवली. दोन-तीन तासांच्या कार्याला ती आता चालते.

रस्त्यासाठी मागे बक्कल असलेली साधी सँडल. दुकानात तीन गोष्टी हाताने बघायच्या: पिळून बघायची, फडक्यासारखी पिळली गेली तर नको, वाकवून बघायची, बोटांपाशी वाकावी, मध्येच वाकली तर नको, आणि टाचेची वाटी दाबून बघायची. चप्पल संध्याकाळी घ्यावी, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. महागडी असलीच पाहिजे असं नाही. मावशींच्या दोन्ही नव्या जोड्या मिळून दीड हजाराच्या आत आल्या.

व्यायाम

सकाळी पाय जमिनीला लावण्याआधी, अंथरुणातच: दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्यायचा, बोटं हाताने नडगीकडे ओढायची, दुसऱ्या हाताने तळव्याचा पट्टा ताणला गेलाय का ते चाचपायचं. दहा अंक मोजेपर्यंत धरायचं, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. डीजिओव्हानी आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दहा महिन्यांहून जुनं दुखणं असलेल्या १०१ जणांवर हा ताण तपासला. नुसता पोटरीचा ताण देण्यापेक्षा याचा गुण आठ आठवड्यांत जास्त दिसला. मावशींसाठी पोटरीचा ताणही ठेवला, कारण त्यांचा घोटा फारच कमी वाकत होता.

सहाव्या आठवड्यापासून, भार आटोक्यात आल्यावर, ताकदीचा व्यायाम सुरू केला. जिन्याच्या पायरीवर बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवायचा. तीन अंकांत टाच वर, दोन अंक थांबायचं, तीन अंकांत खाली. दिवसाआड. डेन्मार्कमधल्या रॅथलेफ आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ४८ जणांवर केलेल्या अभ्यासातली ही पद्धत. तीन महिन्यांपाशी ताणापेक्षा हिचा गुण जास्त होता, वर्षाअखेर दोन्ही गट सारखे झाले. म्हणजे काही चमत्कार नाही, पण उभ्याने काम करणाऱ्या बाईला लवकर बरं वाटणं म्हणजे किती चपात्या, किती डबे. मावशींनी आधी दोन पायांवर सुरू केलं, मग एका पायावर.

रात्री तळवा कशावर तरी घोळवायचा. बऱ्याच ठिकाणी यासाठी लाटणं वापरा असं सांगितलेलं असतं. लाटण्यावर पाय? मी ते कुणालाच सांगत नाही, आणि मावशींचं तर पोट लाटण्यावर चालतं. पाणी भरून गोठवलेली प्लास्टिकची बाटली फडक्यात गुंडाळून दहा मिनिटं पुरे. थंड पाण्याने वात वाढेल ही त्यांची शंका होती, म्हणून थंडीच्या दिवसांत त्या साधीच बाटली घोळवतात. त्यात काही बिघडत नाही.

वजनाबद्दल मी फार बोलले नाही. दुखऱ्या टाचेने "रोज चाला" ऐकणं क्रूर असतं. साखरेच्या निमित्ताने त्यांच्या डॉक्टरांनी जेवणात बदल सुचवले आणि सहा महिन्यांत चार किलो उतरले.

नवरात्र

दहाव्या आठवड्यात कळ चारवर होती, ऑगस्टमध्ये दोनवर. सलग दोन तास उभं राहता येत होतं. मग सप्टेंबरच्या सुरुवातीला त्या जरा अवघडून म्हणाल्या, "नवरात्रात मी नऊ दिस अनवाणी असतो. अकरा वर्सं झाली."

मी काय सांगणार होते? नवस मुलाच्या आजारपणातला होता. टाचेसाठी तो मोडा, असं म्हणायचा अधिकार मला नाही. पण पावसाने धुतलेला डांबरी रस्ता, देवळाचं दगडी आवार, ललिता पंचमीला टेंबलाईच्या टेकडीपर्यंत चाल, आणि वर उपवासाच्या पदार्थांची मागणी वाढल्याने केंद्रावर जास्तीचे तास. हे सगळं एकत्र येणार होतं आणि टाच पूर्ण बरी नव्हती. काय होऊ शकेल ते मी स्पष्ट सांगितलं आणि निर्णय त्यांच्यावर सोडला.

त्यांनी सासूबाईंशी बोलून असं ठरवलं: रोज पहाटे अंबाबाईच्या दर्शनाला अनवाणी जायचं आणि अनवाणीच परत यायचं. बाहेर कुठेही जाताना चप्पल नाही. केंद्रात मात्र पाट, कारण तो नवसात धरलेला नव्हता. मी दर दोन दिवसांनी तळव्याला टेप लावून दिली आणि त्या नऊ दिवसांत ताकदीचा व्यायाम बंद ठेवला, फक्त ताण चालू. पंचमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळची कळ पाचवर गेली. दसऱ्याला पाच, आठवड्याने चार, पुढच्या तीन आठवड्यांत पुन्हा दोन.

याला मी अपयश मानत नाही. त्याआधी एका नवरात्रानंतर त्या पंधरा दिवस चालूच शकल्या नव्हत्या. फरक पडला तो बाकीच्या नऊ तासांमुळे.

आत्ताची स्थिती

जानेवारीतल्या तपासणीत, म्हणजे नऊ महिन्यांनी, उजव्या टाचेची पहिल्या पावलाची कळ एक, कधी दोन. भिंतीची चाचणी साडेतीनवरून साडेसात. एका पायावर टाच उचलणं चारवरून सोळा. गोळी ऑगस्टपासून एकही नाही. एक्स-रे पुन्हा काढला नाही. हाडाचं टोक तिथेच असणार आणि त्याने आता कुणाची झोप उडत नाही. काशाची वाटी चालू आहे. वीट अंगणात परत गेली.

दोन गोष्टी राहिल्यात. डावी टाच आठवड्यातून एखाद्या सकाळी बोलते, म्हणून पायरीवरचा व्यायाम आता दोन्ही पायांना दिला आहे. आणि फोमच्या जोडीची उजवी टाच आठ महिन्यांत बसली आहे. अंगठ्याने दाबून त्यांनी स्वतःच ते ओळखलं. नवी जोडी या आठवड्यात येईल, जाऊबाईंनी त्यांच्याही मापाची मागवली आहे. मार्चमध्ये साखर पुन्हा तपासायची आहे, घोटा मीही तेव्हाच मोजेन.